मंगळवारचे भाऊ

मंगळवारी अंगद आणि कल्याण सख्खे भाऊ असायचे. उरलेले सहा दिवस दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले असायचे, आणि तेही समोरासमोर नव्हे, मोबाईलात. मंगळवारचा हा कायदा त्यांच्या बायकांनी काढला होता. थोरल्या अंगदची दैवशाला, धाकट्या कल्याणची साधना, आणि ह्या दोघीही सख्ख्या बहिणी. केदारखेड्याला एकाच मांडवात बापानं दोन्ही लेकी उजवल्या होत्या. "एका घरात दोन बहिणी दिल्या की जावाजावांचं भांडण न्हाई, अन् ते न्हाई तर घर फुटत न्हाई," असं त्याचं म्हणणं. बाप बिचारा साधाभोळा. जावयांच्या हातात मोबाईल येण्याआधीच तो गेला, ते एक बरं झालं.

कायदा काढायची पाळी का आली, ते आधी सांगितलं पाहिजे. परसालच्या पोळ्याची गोष्ट. वेशीत पुढं उभं राहायचा मान ह्या घराच्या बैलजोडीचा. भावाभावांत जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, पण मान कसा वाटणार? "यंदा तुझी जोडी, पुढल्या साली माझी," इतकं सोपं काम होतं. दोघं ओट्यावर बसून बोलले असते तर चहा संपायच्या आत मिटलं असतं. पण समोर बसून बोलतील ते कसले! अंगदनं सकाळी बैलांचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'मानकरी एकच.' अर्ध्या घंट्यात कल्याणनं आपले बैल ठेवले, 'खरा वारस कोण ते वेशीत कळंल.' मग अंगदनं कुत्र्याचं चित्र टाकलं. मग कल्याणनं गावाच्या ग्रुपवर मेलेल्या बापाचं नाव काढलं. गावातली दोनशे माणसं घरोघर बसून बघत होती आणि 'वा रे पठ्ठे' म्हणून दोघांना चावी देत होती.

दुपारी दोघं वेशीत आले ते बैलांचे कासरे सोडून. कल्याणच्या हातात लोखंडी गज, अंगदच्या हातात कोयता. गजानं अंगदच्या दोन बरगड्या मोडल्या आणि पुढचे दात पाडले. कोयता कल्याणच्या टाळक्यावर यायचा, त्यानं उजवा हात आडवा घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वेशीच्या धुळीत पडलं आणि बुजलेले बैल त्यावरून गेले. दैवशालानं ती दोन बोटं धुळीतून वेचून पदराच्या गाठीत बांधली आणि जीपमध्ये बसून भोकरदनला नेली. डॉक्टरनं गाठ सोडून बघितली आणि परत बांधून तिच्या हातात दिली. ती बोटं तिनं विहिरीजवळच्या लिंबाखाली पुरली. वर दगड ठेवला, कुत्र्यानं उकरू नये म्हणून.

पोलीस झाले, चुलते अण्णासाहेब मधी पडले, आपसात झालं. नंदाबाई, म्हणजे ह्या दोन शहाण्यांची आई, म्हणाली, "रगत प्यायला एकमेकांचं. मला न्हाई ऱ्हायचं इथं." ती अंबडला लेकीकडं निघून गेली. आणि भाऊ? अंगदच्या तोंडात दात नव्हते, कल्याणच्या हाताला पट्टी होती, तरी आठव्या दिवशी डाव्या अंगठ्यानं स्टेटस सुरू! दैवशालानं ते बघितलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तिनं साधनाला बांधावर बोलावलं. दोघींची घरं आपापल्या रानात, मधी कल्याणच्या हरभऱ्याचं एक वावर. एकीनं हाक मारली की दुसरीला ऐकू जायची.

"अक्का, माझं ऐकत न्हाईत ते," साधना म्हणाली. ती बहिणीपेक्षा सात वर्षांनी लहान, आणि बोलताना सदा पदराचं टोक बोटाला गुंडाळणारी.

"माझं तरी कुठं ऐकतेत? पण देवीचं ऐकतील. लोक नवरात्रात चपला सोडतेत, कोणी मीठ सोडतंय. ह्यांनी मोबाईल सोडायचा. मंगळवार रेणुकाईचा वार. सूर्य निघाल्यापसून दिवा लागेस्तोवर मोबाईल डब्यात. अन् त्यांचाच न्हाई, आपलाबी."

"अन् न्हाई म्हणले तर?"

"तर मंगळवारी त्यांच्या घरी चूल पेटणार न्हाई. मुडदा बशिवला त्या मोबाईलचा!"

अशी दोन घरी दोन स्टीलच्या डब्यांची स्थापना झाली. डब्याला हळदीकुंकू, आत मोबाईल बंद करून ठेवलेले, डबा देवळीत रेणुकाईच्या फोटोपुढं. पहिल्या मंगळवारी अंगद दिवसभर खिसा चाचपत होता, चार वेळा देवळीपर्यंत जाऊन परत आला. गावातला मच्छिंद्र, ज्याला कामधंदा काही नाही आणि ज्याचा मोबाईल सदा समोरच्याच्या तोंडापुढं धरलेला, त्यानं 'मोबाईलचा उपास' म्हणून ह्यांची खिल्ली उडवणारा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ दोघा भावांनी बुधवारी बघितला. गंमत अशी की त्याला शिव्या दोघांनी मिळून दिल्या.

पाचव्या मंगळवारी कल्याणची मोटार बंद पडली. पाना अंगदकडं. एरवी त्यानं फोनवर चार टोमणे मारले असते आणि पाना राहिला असता बाजूला. पण फोन डब्यात. मग कल्याण काय करतो? वावर तुडवत आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "पाना पायजे व्हता." अंगदनं पाना दिला. मग बोलला, "एका हातानं जमंल का तुला?" आणि स्वतःच उठून गेला. त्या दिवशी दोघं विहिरीवर तीन घंटे होते. दैवशाला लांबून बघत होती आणि देवीला हात जोडत होती.

पुढं पुढं मंगळवारचं सवयीचंच झालं. दोघं मिळून मिरचीच्या गोण्या शिवायचे, एका चंचीतली तंबाखू खायचे. बुधवार उजाडला की पुन्हा स्टेटस, पण धार कमी होत चाललेली. माणूस ज्याच्या ताटात काल जेवला त्याला आज कुत्रं म्हणताना जरा जीभ अडखळतेच ना? यंदाच्या पोळ्याला अंगदनं आपली जोडी आपणहून मागं घेतली. ते ऐकून नंदाबाई अंबडहून यष्टीत बसून परत आली. पन्नासावर मंगळवार झाले होते, आणि दैवशालाला एकच पाहिजे होतं. तिला दोन्ही घरची कुंकवं जागच्या जागी पाहिजे होती. तिचं स्वतःचं आणि धाकटीचं.

तो मंगळवार पौषातला होता. सकाळी दोन्ही घरी डबे बसले. अंगद मिरचीचा शेवटचा तोडा घेऊन पिंपळगावच्या बाजारात गेला आणि चार वाजता परत आला. हातात बारदानाची पिशवी, आणि तोंडावर असं हसू की दैवशाला म्हणाली, "काय, लॉटरी लागली का?"

त्यानं पिशवीतून विळा काढला. पातं चांगलं कोरं, पोलादी. पण मूठ अशी की तिनं कधी बघितली नव्हती. जाडजूड, एका अंगाला खोल खाच, आणि शेवटाला लाकडाचा आकडा, हात मागं सरकू नये म्हणून. तिनं हातात धरून बघितला. तिची बोटं कुठंच नीट बसेनात.

"ही काय मूठ हाय? लोहारानं फसवलं तुमाला."

"तुझ्यासाठी न्हाईच ती," अंगद म्हणाला. मग दोन दात नसलेल्या तोंडानं, मान खाली घालून सांगायला लागला. "लोहार इचारून राह्यला, आसली मूठ कामून पायजे. मी म्हणलं, कल्याणची दोन बोटं मीच तोडली. आता त्याला विळा धरता येत न्हाई, घास कापताना हातातून निसटतो. म्हणून तीन बोटांत बसंल आशी मूठ करून दे. त्याच्या हाताचं माप मी मागच्या मंगळवारी मिरचीच्या गोणीवर घेतलं, त्याला न कळू देता. लोहार हसला, म्हणला, आसं गिऱ्हाईक पहिलंच बघितलं. मंग मीबी हसलो."

दैवशालानं विळा परत पिशवीत घातला. नवऱ्यापुढं डोळ्यांत पाणी आणायची तिला सवय नव्हती. "मंग जाऊन द्या की आताच. बसलात कामून?"

"तो खालच्या रानात पाणी देऊन राह्यला. अंधार पडल्यावर येईल घरी. मंगळवार हाय तवरच द्यायचाय मला."

सहा वाजता दैवशालानं दिवा लावला, देवीला हात जोडले आणि डब्याचं झाकण काढायला हात घातला. मागून नंदाबाई ओरडली.

"आगं, आगं! काय करून राह्यली? आज अंगारकी हाय!"

"मंग?"

"मंग काय म्हणती? साधा मंगळवार आसंल तर दिव्याला सुटतो. अंगारकीचा उपास चंद्र बघून सोडतेत. एवढंबी कोणी शिकवलं न्हाई का तुला? दिव्याला सोडला तर बाटला सगळा. वर्षभराचं पुण्य गेलं पाण्यात."

मागं एकदोन अंगारक्या येऊन गेल्या असतील, पण तेव्हा सासू अंबडला होती आणि ह्या दोघींना कॅलेंडर बघायची सवय नव्हती. दैवशालानं झाकण परत लावलं. चंद्र निघायला नऊ वाजणार. अंगद म्हणाला, "राहू दे, तीन घंट्यानं काय होतंय. चंद्र बघतो, दोन घास खातो अन् मंग विळा घेऊन जातो."

तेव्हा तिच्या मनात आलं की साधनाला सांगावं. तिच्या घरचा दिवा हरभऱ्यापलीकडं दिसत होता. म्हणजे तिकडं उपास सुटला होता, तिकडं डबा उघडला होता. बांधापर्यंत जाऊन एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण उखळात लाल मिरची अर्धी कुटलेली पडली होती. ती पुन्हा उखळापाशी जाऊन बसली. आपल्या घरचा उपास आपण पाळू, त्यांचं त्यांच्यापाशी, असं तिनं मनाशी म्हटलं. इतकीच चूक. पुढं आयुष्यभर ती चूक ती रोज उगाळणार होती.

अंगणातल्या बल्बच्या उजेडात ती मिरची कुटत होती. अंगद ओट्यावर बसून पूर्वेकडं बघत होता, विळ्याची पिशवी मांडीजवळ. नंदाबाई आत भात शिजवत होती. कुत्रं एकदम भुंकलं आणि मग ओळखीचा माणूस बघून गप्प झालं.

कल्याण आला तो वावरातून, सरळ, हरभरा तुडवत. उजव्या हाताला तीनच बोटं, म्हणून कुऱ्हाड डाव्या हातात.

"फोन कामून बंद ठेवला रे?" तो अंगणात यायच्या आधीच ओरडला. "तोंड दाखवाय लाज वाटून राह्यली का?"

अंगद उठला. "काय झालं रे?"

"काय झालं म्हणतो! सगळ्या गावानं बघितलं. कल्याणची बोटं मीच तोडली म्हणून दात काढून सांगतो लोकाला? दात तरी राह्यलेत का तुझे? मी बारा फोन लावले. बारा! बोल म्हणलं, एकदा बोल. एकच टिक. मला बंद करून ठेवतो व्हय तू?"

"भाऊजी, आज अंगारकी हाय!" दैवशाला मुसळ टाकून उठली. "फोन डब्यात हाय आजून! चंद्र निघायचाय!"

"उपास कवाच सुटला, वहिनी! मला येडं समजू नका. साधनानं सहालाच दिला माझा फोन."

अंगदला तेवढ्यात उमगलं. लोहाराच्या भात्याजवळ मच्छिंद्र उभा होता, मोबाईल धरून. अंगदचं तोंड उजळलं. आता भावाला दाखवलं की संपलं, असंच त्याला वाटलं असणार. "आरं, बस, बस! आरं, तुला दाखवतो काय ते," म्हणत तो वाकला आणि पिशवीत हात घालून त्यानं विळा ओढून बाहेर काढला.

बल्बच्या उजेडात कोरं पातं लखकन चमकलं.

कल्याणला मूठ दिसली नाही. त्याला पातं दिसलं. परसालच्या वेशीतला कोयता दिसला. त्यानं कुऱ्हाड वर उचलली आणि घातली. ती अंगदच्या डाव्या खांद्यात बसली. हाड मोडल्याचा आवाज दैवशालाला उखळापाशी ऐकू आला, कपाशीची वाळलेली पळाटी मोडावी तसा. अंगद ओट्यावरून खाली आला. विळा हातातून सुटून अंगणात कुठंतरी गेला. अंगदच्या तोंडातून शब्द येत होता, "मूठ... मूठ बघ..." पण रक्ताच्या चिळकांडीनं त्याचा सदरा भिजला आणि शब्द घशातच राहिला. कल्याणनं कुऱ्हाड ओढून काढली. पुन्हा वर उचलली. आता ती डोक्यावरच येणार होती.

दैवशालानं विचार केला नाही. अशा वेळी कोण करतं? तिनं उखळात हात घातला आणि ओंजळभर तिखट कल्याणच्या उघड्या डोळ्यांत फेकलं.

कल्याण असा ओरडला की नंदाबाईच्या हातातलं भांडं पडलं. त्याचे डोळे मिटले ते उघडेचनात. नाकातोंडातून पाणी, खोकला, घुसमट. पण कुऱ्हाड सुटली नाही त्याच्या हातून. तो आंधळा होऊन फिरायला लागला. एक घाव ओट्याच्या दगडावर, ठिणग्या उडाल्या. एक घाव हवेत. दैवशाला अंगदवर आडवी पडली, त्याला ओढून मागं नेत होती, आणि एकीकडं ओरडत होती, "टाका खाली! भाऊजी, कुऱ्हाड टाका!"

"अक्का, धर त्यांना!" वावरातून आवाज आला. साधना धावत येत होती, अनवाणी, पदर काट्यात फाटलेला. आली ती थांबलीच नाही. मागून येऊन तिनं नवऱ्याच्या कमरेला मिठी मारली. सगळ्या जोरानं, हात बांधून टाकावेत तशी.

खोकल्यात कल्याणला तिची हाक ऐकूच गेली नव्हती. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणी धरलं. अंगदचा माणूस. शत्रू. त्यानं अंगाला हिसका दिला आणि बघता न येता, पाठीमागं, खांद्यावरून कुऱ्हाड घातली.

ती साधनाच्या मानेत बसली.

मिठी सुटली. कुऱ्हाडही कल्याणच्या हातातून निसटली. साधना गुडघ्यावर आली आणि मग कुशीवर. दैवशाला रांगत तिच्यापर्यंत गेली. मानेवर दोन्ही हात दाबले, पदर दाबला, तरी बोटांच्या फटीतून ऊन ऊन रक्त येतच राहिलं. धाकटीनं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही. तिच्या बोटानं दैवशालाच्या पदराचं टोक धरलं आणि एक वेढा गुंडाळला. दुसरा वेढा घेता घेता बोट सैल झालं.

दैवशालाला कळलं. पण कळून घ्यायला वेळ नव्हता, ओट्याखाली नवरा रक्तात पडला होता. नंदाबाई लुगड्याचा बोळा करून थोरल्याच्या खांद्यावर दाबत बसली होती आणि तोंडानं नुसतं "बाई, बाई, बाई" म्हणत होती. गाडी बोलवायची तर फोन पाहिजे. फोन डब्यात. दैवशाला उठली, देवळीकडं गेली आणि रक्ताच्या हातानं झाकण काढलं. चंद्र अजून निघाला नव्हता. कशाचा उपास आणि कशाचं काय!

बंद फोन चालू व्हायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी तिला समजलं. आधी काळा पडदा. मग कंपनीचं नाव. मग ते नाव गोल गोल फिरत राहिलं. ती त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होती. मग एकदम टिंग, टिंग, टिंग, टिंग. थांबेचना. हातातला फोन अंगदचा होता. तिनं एकशे आठ लावला, रानाचा पत्ता सांगितला. समोरची बाई म्हणाली, गाडी भोकरदनहून निघाली, पाऊण घंटा लागंल. फोन ठेवला आणि खालचे निरोप दिसले.

कल्याणचे. 'दादा हे तू बोलला का.' खाली, 'फोन उचल.' खाली, 'दादा नुसतं न्हाई म्हण. मी मानतो.' खाली, 'आरं एकदा न्हाई म्हण.' आणि सगळ्यात शेवटी, 'समजलो.'

त्यानं पाठवलेला मच्छिंद्राचा व्हिडिओही होता. तिचं रक्ताळलेलं बोट लागलं आणि तो चालू झाला. लोहाराचा भाता, अंगदचं तोंड, "कल्याणची दोन बोटं मीच तोडली." लगेच लोहाराचं आणि अंगदचं हसू, वरून पाठीमागं कुणाकुणाचं हसू चिकटवलेलं. संपला. पुढचं वाक्य मेल्यानं कापलं होतं.

तिनं स्वतःचा फोन चालू केला. त्यावर एकच निरोप होता, साधनानं बोलून पाठवलेला. कानाला लावायला हवं होतं, पण हात रक्तानं निसरडा झाला होता. बोट घसरलं आणि साधनाचा आवाज अंगणभर मोठ्यानं आला.

"अक्का, डबा उघड ना गं! हे कुऱ्हाड घेऊन निघालेत. दादाला म्हणावं, नुसतं न्हाई म्हणा, ते ऐकतील. उघड ना गं, अक्का. मी येऊनच राह्यले."

अंगणाच्या मधोमध कल्याण गुडघ्यावर बसला होता. कुऱ्हाड गळून पडली होती, दोन्ही तळव्यांनी तो डोळे दाबत होता. तो आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"साधने, आली का तू? पाणी आण गं जल्दी. डोळे फुटून राह्यले माझे."

दैवशाला जागच्या जागी उभी राहिली. नंदाबाईचं "बाई, बाई" बंद झालं.

"साधने! ऐकून राह्यली का? पाणी." कुणी बोलेना, तेव्हा तो हातानं जमीन चाचपायला लागला. तांब्या कुठं हाती लागतो का ते बघत होता. माती. मिरच्यांची देठं. कशाचा तरी ओला चिखल, त्यात हात बुडाला, त्यानं तो झटकला. मग उजवा हात एका लाकडावर पडला. तीन बोटं त्या लाकडाभोवती वळली. अंगठा खाचेत जाऊन बसला. आकडा मनगटाला टेकला. वर्षभरात त्या हातात काही असं घट्ट बसलं नव्हतं.

त्यानं पकड सोडून पुन्हा धरली. डाव्या हातानं पातं चाचपलं, मग मूठ. सावकाश, पुन्हा पुन्हा.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "हा कोणाचा हाय?"

"तुझा," दैवशाला म्हणाली. आजवर तिनं त्याला भाऊजीशिवाय हाक मारली नव्हती, अरेतुरे केलं नव्हतं. "दादानी करून घेतला तुझ्यासाठी. लोहाराला म्हणले, कल्याणची दोन बोटं मीच तोडली, आता त्याला विळा धरता येत न्हाई, तीन बोटांत बसंल आशी मूठ करून दे. पुढलं त्या मुडद्यानं कापलं. तोच विळा तुला दाखवून राह्यले होते."

कल्याणच्या हातातला विळा खाली गेला नाही. हात थिजल्यासारखा तसाच राहिला. "मंग फोन कामून न्हाई..."

"अंगारकी होती रे. अंगारकी होती, अन् मी साधनाला सांगितलं न्हाई."

"साधना कुठं हाय?" त्यानं विचारलं. मिटल्या डोळ्यांनी मान इकडं तिकडं फिरवली. "आताच बोलली ना ती? साधने! अगं, पाणी दे. मला दादाला बघू दे. कुठं लागलंय त्याला? वहिनी, तिला म्हणा ना पाणी आणाय."

दैवशाला रांजणापाशी गेली. तांब्या भरला. हात धुवायचं तिला भान राहिलं नाही. पाणी तांबडंच झालं, ते तिनं फेकलं आणि दुसरं घेतलं. कल्याणपुढं बसली, त्याच्या हातातला विळा काढून बाजूला ठेवला, डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि डोळ्यांवर पाणी ओतलं. एक तांब्या. मग दुसरा. मग तिसरा. लहान पोराचं तोंड धुवावं तसं ती बोटानं पापण्यांवरचं तिखट काढत होती. तो "आई गं" म्हणत हूं हूं करत होता आणि डोळे मिटूनच होता. हरभऱ्याच्या वावरावर चंद्र निघाला होता, आणि अंगणात सगळं नीट दिसायला लागलं होतं.

"उघड आता," ती म्हणाली.

"आग होऊन राह्यली, वहिनी. थांबा जरा."

"थांबायचं न्हाई. उघड डोळे, कल्याण. ती इथंच हाय. तुझ्या मागंच हाय."

कल्याणनं मान वळवली आणि डोळे उघडले.